उस्तादाच्या कड्या

"दोन कड्यांना एवढे पैसे? यांत काय सोनं ओतलंय?"

बोहुशचा आवाज असा काही चढला की बंदुकांच्या त्या दुकानातली सगळी गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. हेडविकाचा चेहरा लालबुंद झाला. चाळिशी ओलांडलेली बाई. जिल्ह्याची बस चालवते, भर हिवाळ्यात चढावर अडकलेली गाडी कुणाच्या बापाची मदत न घेता बाहेर काढते. आणि स्वतःचा बाप दुकानात ओरडायला लागला की हीच बाई शाळकरी पोर होऊन मान खाली घालते. या गोष्टीचा तिला स्वतःचाच संताप यायचा.

लांब पल्ल्याच्या नेमबाजीचं वेड तिला दोन वर्षांपूर्वी लागलं. क्लबची उसनी रायफल घेऊन ती पहिल्यांदा गवतात पालथी पडली आणि पार समोरच्या टेकडीवरची लोखंडी पाटी टण्णकन वाजली. त्या आवाजाने तिला झपाटलं. बसमध्ये दिवसभर लोक कटकट करतात, घरी बाप कटकट करतो. रायफलीमागे पडलं की सगळे गप्प. तेव्हापासून तिने स्वतःच्या रायफलीसाठी पैसे साठवायला घेतले. काय घ्यायचं, हे तिने इवोनाला विचारलं होतं. इवोना शेजारच्या गावच्या क्लबातली जुनी नेमबाज, जिभेने तिखट पण मनाने सरळ.

"पहिलीच घेतेयस ना? मग ऐक," इवोना म्हणाली होती. "रायफलीवर जेवढे घालशील तेवढेच दुर्बिणीवर घाल. रायफल साधी, जाड नळीची घे. ती तुझ्यापेक्षा नीटच मारेल, काळजी करू नकोस. शिसवी दस्ता नि नळीवरचे दागिने पैसेवाल्यांना लखलाभ. नळीखाली टेकायची दुपायी जुनी चालेल, दस्त्याखालची उशी घरी शिव. काडतुसांना पैसे राख, नाहीतर रायफल कपाटात आणि तू सोफ्यावर. पण एक सांगते, कड्यांवर हात आखडू नकोस. दुर्बिणीला रायफलीवर धरून ठेवतात त्या कड्याच. त्या ढिल्या, की बाकीचं सगळं पाण्यात."

हेडविकाने शब्दन् शब्द पाळला. रायफल साधी घेतली, दुर्बीण चांगली घेतली. उशी जुन्या जीन्सची शिवली आणि आत मसूर भरले. कड्यांचे पैसेही वेगळे ठेवले होते. आणि आता ऐन दुकानात हा प्रकार.

"घरात लेथ असताना बाजारातून कड्या आणायच्या?" बोहुश दुकानदाराला विचारत होता. "सकाळची बिअर आणि दुपारचं जेवण यांच्यामध्ये करून टाकीन मी!"

दुकानदार पक्का गोडबोल्या. "उस्ताद, तुमच्यासारखे हात सगळ्यांना असते तर आम्हाला दुकानं बंद करावी लागली असती," तो म्हणाला.

झालं! एवढ्यावर म्हातारा फुगला आणि कड्या परत काचेखाली गेल्या.

आमच्याकडे हा रोगच आहे. आमच्या या मोराव्हियात प्रत्येक पुरुषाला वाटतं की आपले हात सोन्याचे. तयार वस्तू विकत आणणं म्हणजे नाक कापून घेणं. गावात घरोघरी गराज, आणि एकाही गराजमध्ये गाडी नाही; तिथे लेथ, वेल्डिंग, आलुबुखाराची दारू गाळायची भट्टी आणि कशाचे ते कुणालाच न आठवणारे सुटे भाग. बोहुश तर जन्मभर कारखान्यात टर्नर होता. गावातली निम्मी फाटकं त्याच्या बिजागऱ्यांवर फिरतात. डुक्कर कापलं की सॉसेज भरायचं यंत्र सगळे त्याच्याकडूनच नेतात. सारा गाव त्याला 'उस्ताद' म्हणतो, आणि ते त्याने कमावलेलं होतं, यात वाद नाही. कधी काळी कमावलेलं होतं, एवढंच.

सकाळची बिअर आणि दुपारचं जेवण यांच्यामधलं ते काम संपायला अख्खा हिवाळा गेला. गराजचं दार आतून बंद. हेडविका कॉफी घेऊन गेली तर फटीतून हात बाहेर यायचा, कप आत जायचा. पण कड्या झाल्या त्या काय देखण्या! काळ्याभोर, तेलात मुरवलेल्या, कडा अशा घोटलेल्या की बोट घसरावं. हेडविकाने बापाच्या टकलाचा मुका घेतला. दुकानातली लाज ती त्या क्षणी विसरून गेली, वेडी कुठली.

वसंतात ती रेंजवर गेली आणि तिथून वनवास सुरू झाला. पहिल्या गोळ्या एका नाण्याखाली झाकाव्यात अशा. मग एक डावीकडे, एक वर, एक देव जाणे कुठे. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. मागच्या बाकावर बोहुश सॉसेज खात बसलेला, तोंडात घास तसाच ठेवून ओरडायचा, "डोळे मिटतेस! धक्क्याला घाबरतेस!"

"नाही मिटत, बाबा."

"मग गोळीला काय पाय फुटलेत?"

क्लबचा प्रमुख लुमीर. गावाबाहेर त्याचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं वर्कशॉप. माणूस वाईट नाही, पण त्याचंही ठरलेलं. "हेडविका, तुझं काही चुकत नाही गं. बाईच्या जातीला धक्का सोसत नाही, निसर्गच तो." हे त्याने सांत्वन म्हणून सांगितलं! हेडविकाला वाटलं, बसच्या स्टिअरिंगवर बसवावा याला एक दिवस, दिवसभर खड्डे खाऊ दे, मग बोल म्हणावं निसर्गाबद्दल.

एकदा बोहुशने तिला पकडायचं ठरवलं. तिच्या नकळत भरलेल्या काडतुसांत एक रिकामं मिसळलं. माणूस दबकत असेल तर रिकाम्या काडतुसाला चाप ओढतानाही नळी हलते, चोरी उघडी पडते. चाप ओढला, नुसतं टिक झालं, आणि नळी जराही हलली नाही. ती दगडासारखी पडून होती. तिने मान वळवून विचारलं, "पाहिलंत? हलले का?"

"आत्ता नाही हललीस," बोहुश म्हणाला. "खऱ्या गोळीला हलतेस."

आता अशा माणसाशी काय बोलायचं! तिने काडतुसं बदलली, मग आणखी महागडी बदलली. श्वासाचे व्यायाम केले. रोज संध्याकाळी जेवणाआधी जमिनीवर पालथी पडून रिकामा चाप ओढत राहिली. मे महिन्यात तिने एकदाच धीर करून विचारलं, "बाबा, कड्या एकदा उघडून बघू का?" म्हातारा असा भडकला की मांजर टेबलाखाली पळालं. "माझ्या कामाला हात लावलास तर याद राख! नाचता येईना अंगण वाकडं!" ही म्हण मग गावच्या बिअरच्या गुत्त्यात पोचली. ती आत शिरली की कुणी ना कुणी विचारायचा, "काय हेडविका, अंगण सरळ झालं का?" आणि बाप त्यांच्यातच बसून हसायचा. मात्र रेंजवरून आलं की रायफल पुसायला तोच गराजमध्ये न्यायचा. हेडविकाला त्यात माया दिसायची.

सगळ्यात वाईट म्हणजे उन्हाळा सरता सरता तिलाही पटायला लागलं. बसमध्ये ब्रेक दाबताना ती स्वतःच्या हातांकडे बघायची. खरंच थरथरतात का हे?

प्रांताच्या स्पर्धेला क्लबचा संघ जायचा होता. संघात एक जागा रिकामी, आणि सप्टेंबरातल्या क्लबच्या स्पर्धेत जो पुढे येईल त्याची ती. हेडविकाला ती जागा हवी होती. लग्न आईने ठरवल्यासारखं झालं, काडीमोड नवऱ्याने ठरवला, घर बापाचं, बस सरकारची. ही एक गोष्ट तिने स्वतः निवडली होती. समोर होता दातांचा डॉक्टर, ज्याने दुकानात जाऊन "सगळ्यात महाग ते द्या" असं सांगून सामान आणलेलं. माणूस बरा होता, पण नेमबाज बेतास बात.

स्पर्धेच्या सकाळी इवोना पाहुणी म्हणून आली. तिने रायफल हातात घेतली, फिरवून पाहिली.

"कड्या कुठल्या?"

"बाबांनी केल्यात."

इवोनाने पर्समधून नखांचं लाल पॉलिश काढलं आणि कडी आणि दुर्बिणीची नळी या दोन्हींवरून जाणारी एक बारीक रेघ ओढली. "कुणी हललं, तर ही रेघ चुगली करेल," ती म्हणाली. "आता जा, मार."

पहिल्या टप्प्यात सगळ्या पाट्या वाजल्या. दुसऱ्यातही; गोळी कडेला सरकली की ती पुढची तेवढीच उलट बाजूला धरून मारायची. मागे कुजबुज थांबली. तिसऱ्या टप्प्यात पडक्या कुंपणावर रायफल टेकून मारायचं होतं. तिने दुर्बिणीतली फुली पाटीच्या बरोबर मध्यावर ठेवली, चाप अलगद ओढला, आणि पाटीच्या बाजूला मातीचा फुफाटा उडाला. पुन्हा तेच. तिने अंदाजाने बाजूला धरून एक पाटी वाजवली, दुसरी वाजवली, मग गोळ्या दुसरीकडेच जायला लागल्या. मागच्या बाकावरून बोहुशचा आवाज आला, "घाबरली! बघा, घाबरली!"

जागा डॉक्टरला गेली. लुमीरने तिच्या खांद्यावर थोपटलं. "पुढच्या वर्षी बघू. हातांवर काम कर." पुरुषमंडळी जेवायला गुत्त्याकडे निघाली, बोहुश सगळ्यांच्या पुढे.

हेडविकाने रायफल टेबलावर ठेवली आणि वाकून पाहिलं. लाल रेघ मधोमध तुटली होती. कडीवरचा तुकडा एकीकडे, नळीवरचा सरकून दुसरीकडे.

इवोनाने पाना पुढे केला. स्क्रू करकचून आवळलेले होते. कडीचे दोन्ही अर्धे एकमेकांना टेकले होते, म्हणून स्क्रू घट्ट. आतली नळी मात्र मोकळीच. वरचा अर्धा निघाला, आणि आतून एक काळी केलेली पत्र्याची पट्टी बाहेर आली. वर लाखेचा थर, तडकलेला. हेडविकाने नखाने काळं खरवडलं. खाली बिअरच्या डब्याचा हिरवा रंग आणि एका अक्षराचं शेपूट. बाप रोज संध्याकाळी पितो तीच बिअर. लाखेचे थरही एकावर एक होते, जुना, त्यावर नवा, त्यावर आणखी नवा. म्हणजे दर रविवारी गराजमध्ये रायफल पुसली जात होती ती अशी.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कडी मोठी कातली गेली, हे एक वेळ ठीक. माणूस आहे, चुकतो. पण त्याला माहीत होतं! मार्चपासून माहीत होतं! आणि तरी मागच्या बाकावर बसून सॉसेज खात तो तिला भित्री म्हणत राहिला.

"रायफलीकडे मी बघते," इवोना म्हणाली. "तू जा."

गुत्त्यात ताटं आली होती. बोहुश खिडकीखाली त्याच्या नेहमीच्या जागेवर, लुमीर शेजारी, डॉक्टर सगळ्यांना बिअर पाजत होता. बोहुशचं चालूच होतं: "रायफल उत्तम, दुर्बीण उत्तम, कड्यांचं तर विचारूच नका. पण हात लाकडाचे असले की..."

हेडविकाने त्याच्या ताटाशेजारी कडी आणि पट्टी आपटली. डंपलिंगवरचा रस्सा टेबलावर सांडला.

"बाबा, हे काय आहे?"

बोहुशने पाहिलं. त्याचा चमचा थांबला. "मला काय माहीत. कुणीतरी घातलं असेल."

"कुणी? माझ्या बसमधल्या प्रवाशांनी?"

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं. गुत्त्याची मालकीण व्लास्ता काउंटरमागून कडाडली, "अगं, बाप आहे तो तुझा! चारचौघांत असं बोलतात? हरलीस तर हरलीस, म्हाताऱ्यावर कशाला काढतेस?"

"खरंच," दुसरा कुणी म्हणाला. "उस्तादाचा हात चुकेल? माझं फाटक अजून केसभर कललं नाही."

"फाटक गोळ्या मारत नाही!" हेडविका ओरडली. आता ती थांबणार नव्हती. "तुम्ही सगळ्यांनी उन्हाळाभर मला अंगण विचारलंत. आता उस्तादाला विचारा ना! का? आता का दातखीळ बसली?"

लुमीरने पट्टी उचलून उलटीसुलटी केली. मग कडीचे दोन्ही अर्धे जोडले, स्क्रू आवळले आणि वर्कशॉपच्या जाकिटातून केसभर फरकही मोजणारं व्हर्निअर काढलं. त्याला भांडण नको होतं, त्याला जेवायचं होतं. "हे बघा, वाद कशाला? उस्ताद, तुम्हीच मोजा. तुमच्याहून मोठा मोजणारा इथे कोण आहे? दुर्बिणीची नळी तीस मिलिमीटरची. कडी तीस भरली तर प्रांताला डॉक्टर जाईल, विषय संपला. जास्त भरली तर हेडविकाने विकतच्या कड्या लावून पुढच्या रविवारी पुन्हा मारायचं. कबूल?"

डॉक्टरने मान हलवली. सगळे बोहुशकडे बघायला लागले.

बोहुशने व्हर्निअर हातात घेतलं. बोटांनी आपापलं काम न चुकता केलं. जबडे कडीच्या आत असे बसले की लोण्यात सुरी जावी. त्याने ते डोळ्यांजवळ नेलं. मग लांब धरलं. मग खिडकीच्या उजेडाकडे वळला आणि पुन्हा जवळ आणलं.

"तीस," बोहुश म्हणाला. "पक्के तीस."

लुमीरने सुटकेचा श्वास सोडला, पण सवयीने हेडविकाकडे वळला. "तू बघितलंस? मान्य?"

ती बापाच्या खांद्यामागेच उभी होती. तिला सगळं दिसत होतं. त्याचा अंगठा, अंगठ्याचं तुटकं नख, आणि तो ज्या रेघांवर डोळे रोखून होता त्या रेघा. ती इंचांची बाजू होती; मिलिमीटरची बाजू तीसच्या पुढे गेलेली. म्हाताऱ्याला काहीच दिसत नव्हतं. हिवाळाभर बंद दारामागे काय चाललं होतं ते तिला आत्ता कळलं. मान्य म्हणायचं, एक शब्द. उस्ताद उस्ताद राहील, आणि ती भित्री राहील.

भित्री! पुन्हा सगळा उन्हाळा तिच्या डोक्यात चढला.

"मान्य नाही," ती म्हणाली. "तीस नाहीत. आणि बाबा, तुम्ही इंचांची बाजू बघताय."

बोहुशने व्हर्निअर खाली ठेवलं नाही. ते तसंच धरून राहिला. लुमीरने ते त्याच्या हातातून हळूच सोडवलं, वाचलं, पुन्हा वाचलं, आणि कुणालाच आकडा सांगितला नाही. फक्त म्हणाला, "हेडविका, पुढच्या रविवारी ये." व्लास्ता काउंटरवरचे पेले उगाच पुसायला लागली. ज्याचं फाटक कललं नव्हतं तो ताटात बघत बसला.

बोहुश उठला, टोपी घातली आणि बाहेर पडला. हेडविका मागोमाग गेली. दुपारचं लख्ख ऊन होतं. चर्चजवळच्या फरसबंदीला त्याचा पाय अडखळला. तिने कोपर धरलं, त्याने झटकलं, तिने पुन्हा धरलं, या वेळी आवळून.

"सोड!"

"नाही सोडत! दिसत नव्हतं तर सांगायचं होतंत! डोळ्यांचा डॉक्टर नव्हता का जिल्ह्यात? मी नव्हते का? मला तुमच्या डोळ्यांचा राग नाही, बाबा. तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही हसत होतात त्यांच्याबरोबर, त्याचा राग आहे. मला खरंच वाटायला लागलं होतं की माझ्याच हातांत खोट आहे. रोज बसमध्ये पन्नास माणसं घेऊन फिरते मी, आणि मला स्वतःच्या हातांची भीती वाटायला लागली होती! कळतंय का तुम्हाला?"

तो पाण्याच्या पंपापर्यंत चालत राहिला. ती वाट बघत होती, आता म्हणेल, चुकलं माझं. नाही म्हणाला. पंपापाशी थांबला आणि रस्त्याकडे बघत विचारलं, "किती?"

"काय किती?"

"जास्त किती होतं? लुमीर बोलला नाही."

"पाव मिलिमीटर."

"पाव?" बोहुशने अंगठ्यावर तर्जनी घासली. "मला वाटलं केसभर. बोटाला केसभर लागत होतं... पाव?" त्याचे ओठ हलत राहिले, तो काहीतरी हिशेब करत होता. हळूहळू त्याची मान तिच्याकडे वळली. "पाव असेल तर लाख दुसऱ्या-तिसऱ्या गोळीलाच सुटणार. दर गोळीला नळी सरकणार. मग पोरी, दोन टप्प्यांच्या सगळ्या पाट्या तू वाजवल्यास तरी कशा?"

हेडविकाने तोंड उघडलं असतं तर रडू फुटलं असतं, आणि तिला अजून रागवायचं होतं. तिने त्याचं कोपर तसंच आवळून धरलं आणि त्याला घराकडे ओढत नेलं.